पुलापलीकडची बाई

माझा नवरा सामात खिडक्या बसवतो. आमच्या बिश्केक शहरात सध्या इतक्या नव्या इमारती उठताहेत की त्याला मान वर करायला फुरसत नसते. पण माणूस शांत. मापात चूक नाही, बोलण्यात घाई नाही. लग्नाच्या वेळी माझी आई त्याला बघून म्हणाली होती, "दगड आहे, पण टेकायला बरा दगड आहे." असा माणूस मागच्या वसंतात एका जुन्या व्हिडिओ गेममधल्या पुलापायी पार सैरभैर झाला. मी शिवणाच्या कारखान्यात काम करते. तिथे हे सांगितलं तर शेजारच्या मशीनवरची जुमागुल म्हणाली, "पूल कसला गं? बाई असेल कुणीतरी." सगळ्याजणी खिदळल्या. मीही हसले. पुढे कळलं, बाई होतीच.

सुरुवात एका रविवारी झाली. चहा चालला होता. सामातची आई, तिला आम्ही आपा म्हणतो, खिडकीशी बसून जर्दाळूच्या बिया फोडत होती. सामात फोनवर काहीतरी बघत होता आणि एकदम ओरडला, "हाच तो! जिपा, इकडे ये! हाच तो डेमो!"

डेमो म्हणजे वानगी, हे मला तेव्हा कळलं. पूर्ण खेळ बाजारात यायच्या आधी कंपन्या त्याचा पहिला तुकडा फुकट वाटायच्या, मासिकाबरोबर तबकडीवर. सामात तळ्याकाठच्या बालिक्ची गावचा. त्याच्या लहानपणी तिथल्या कॉम्प्युटर क्लबमध्ये मॉस्कोच्या एका मासिकाची अशी एक तबकडी आली होती. खेळाचं नाव 'उत्तर बंदर'. पूर्ण खेळ गावात कधी पोचलाच नाही. पोरं वर्षानुवर्षं तो एकच तुकडा खेळत राहिली. आता जगभरातले जुने खेळ जमवणारे लोक असे डेमो शोधून काढतात, पूर्ण खेळाशी ताडून बघतात आणि काय बदललं, काय गाळलं त्याची नोंद ठेवतात. त्यांच्यापैकी कुणीतरी 'उत्तर बंदर'चा डेमो खेळून त्याचा व्हिडिओ टाकला होता.

"आता बघ, आभाळ लाल असेल," सामात म्हणाला. आभाळ लाल होतं. "पूर्ण खेळात निळं करून टाकलं मेल्यांनी, इथे खाली लिहिलंय. आता पहारेकरी येईल. त्याला टोपी असेल." आला. टोपी होती. "पुढे टोपी काढली. का काढली कोण जाणे! आता गोदीत वळला की क्रेन डाव्या हाताला."

क्रेन डाव्या हाताला होती. मी मनापासून म्हटलं, "बाजारातून मीठ आणायचं तुझ्या लक्षात राहत नाही आणि हे बरं लक्षात आहे!"

"गप. आता पूल येईल. पूल ओलांडून पलीकडे जाईल तो."

पूल आला. मधोमध तुटलेला होता. खेळणारा काठापर्यंत गेला, खाली पाण्यात डोकावला आणि मागे फिरला. मग कंपनीचं चित्र आलं आणि संपलं.

सामातने कप खाली ठेवला. पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा तुटका पूल. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा आपा म्हणाली, "अरे, तो काय आता तुझ्यासाठी जोडून देणार आहे?"

"हा चुकीचा डेमो आहे," सामात म्हणाला आणि उठून बाहेर गेला. अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत राहिला.

संध्याकाळी त्याने त्या लोकांच्या गटात लिहिलं. आमच्याकडच्या डेमोत पूल धड होता. पलीकडच्या काठावर घरं होती, दोरीवर कपडे वाळत होते, एका दारात बाई उभी असायची. पूर्ण खेळात कंपनीने हे सगळं गाळलं, तुमच्या यादीत त्याची नोंद का नाही? उत्तरं तासाभरात आली. रशियातल्या पेन्झाचा कुणी आर्काडी या बाबतीतला जाणकार. त्याने लिहिलं: "आभाळ, टोपी, क्रेन, सगळं बरोबर. शाबास. पण आम्ही या डेमोची एकेक फाइल उघडून बघितली आहे. पलीकडचा काठ म्हणजे नुसतं रंगवलेलं चित्र आहे. तिथे जमीनच नाही. तुमचा पूल स्वप्नातला असणार." खाली दुसऱ्याने लिहिलं, "लहानपणच्या आठवणीत फटी असतात. डोकं त्या आपोआप बुजवतं." तिसऱ्याने नुसता हसरा चेहरा टाकला.

त्या हसऱ्या चेहऱ्याने आमच्या घरातली झोप उडवली.

दुसऱ्या दिवसापासून सामातचं बूड एका जागी टेकेना. जेवताना बोटं मेजावर वाजवायचा. बोलता बोलता मध्येच थांबून, "आणि चिमणीतून धूर पण निघायचा," असं म्हणायचा. एका घराची खिडकी त्याने चार बोटं मोठी मापली. चौकट भिंतीत बसेना. बरोबरच्या लोकांना वाटलं, दारू प्यायला. तो संतापून घरी आला आणि भांडी घासायला लागला. लग्नापासून आजवर न घासलेला माणूस.

मग फोन सुरू झाले. त्याच्या वेळची पोरं आता जगभर पांगलेली. कालिस मॉस्कोत टॅक्सी चालवतो. त्याला भर रस्त्यात फोन लावला.

"कालिस, 'उत्तर बंदर' आठवतं?"

"आठवतं की! लाल आभाळ. का रे, कुणी मेलं का?"

"पूल धड होता का तुटका?"

"धड. पलीकडे कुत्रा होता."

"कुत्रा? कुत्रा कुठला? बाई होती!"

"बाई होती, पण कुत्रापण होता. पिवळा. अरे, मी सिग्नलला उभा आहे, मागचे शिव्या घालताहेत."

मग मेदेर. तो कोरियात कारखान्यात आहे. तो म्हणाला, "पूल नव्हताच. आपण पोहून जायचो."

"गाढवा, त्या खेळात पोहता येत नाही! पाण्यात पडलं की मरतो!"

"मग मी नेहमी मरत असेन," मेदेर म्हणाला आणि हसला. सामातने फोन पलंगावर फेकला. एकाने कुत्रा घातला, दुसऱ्याने पूल काढला. स्वतःच्या आठवणीवर विसंबावं तरी कसं?

मी कांदे चिरत होते. तो ओट्याशी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "तुला नक्की काय हवंय? समज, पूल होता. समज, नव्हता. आपल्या घरात काय कमी-जास्त होणार आहे?"

त्याने कांद्याची सालं गोळा केली. मग म्हणाला, "ती दारातली बाई. तिच्याजवळ गेलं की ती एक वाक्य बोलायची. 'आलास? चल, जेवून घे.' बस, एवढंच. मी रोज फक्त तेवढ्यासाठी पूल ओलांडायचो. बाकीचे गोळ्या झाडत बसायचे आणि मी तिकडे. आता हे म्हणतात, बाई नव्हती, काठच नव्हता. मग मला ते म्हटलं कुणी?"

मागे काहीतरी हललं. दारात आपा उभी होती. सामात अकरा-बारा वर्षांचा असताना ती रशियात, नोवोसिबिर्स्कच्या बाजारात माल विकायला जायची. बाप आधीच निघून गेलेला. पोराला आपल्या एका चुलतभावाच्या घरी ठेवून लागोपाठ दोन हिवाळे ती तिकडे होती. हे मला माहीत होतं, पण या घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. आपा कोपऱ्यातला गालिचा उचलून अंगणात घेऊन गेली आणि झोडपायला लागली. तो गालिचा तिने आदल्याच दिवशी झोडपला होता.

मी सुरी खाली ठेवली. "शनिवारी बालिक्चीला जाऊ," मी म्हटलं. "क्लबवाला जिवंत आहे का?"

"तोक्तोसून बाइके? असेल. मासे विकतो म्हणे."

शनिवारी सकाळी निघालो. सामात घाईघाईत आमची जाड जाकिटं घरी विसरला, पण तबकडी वाचायचं यंत्र, वायरी आणि जुना लॅपटॉप मात्र नीट फडक्यात गुंडाळून आणलेला. बोओमच्या घाटात मी त्याला तीनदा म्हटलं, "हळू चालव." चौथ्यांदा म्हटलं नाही, डोळेच मिटून घेतले.

गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, धुरावलेल्या माशांच्या माळा टांगलेल्या टपऱ्या आहेत. तिथे तोक्तोसून बाइके सापडला. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही बाइके म्हणतो. सत्तरीचा, पाठीत वाकलेला, डोक्यावर लोकरी टोपी. सामातने सलाम केला, नाव सांगितलं. म्हातारा डोळे बारीक करून बघत राहिला.

"सायराचा पोरगा का तू? आईपेक्षा उंच झालास की. ती बरी आहे?"

"बरी आहे. बाइके, एक विचारायचंय. क्लबमध्ये तो खेळ होता ना, लाल आभाळाचा, बंदराचा..."

"पोरा, मला ते खेळ कधी ओळखू आले नाहीत. मला सगळे सारखेच. धाड धाड धाड."

"त्यात पूल होता. धड होता की नव्हता, एवढंच..."

"पूल!" म्हाताऱ्याने हात झटकले. "अरे, त्या पुलापायी डोकं खाल्लं होतं माझं तुम्ही. खेळ लगेच संपतो, पलीकडे जाता येत नाही, पैसे परत द्या. रोज बोंब. शेवटी चोल्पोन म्हणाली, थांबा, मी बघते. ती काय करत होती देव जाणे, आठवडाभर त्या मशीनवरून उठली नाही. मग तुम्ही पलीकडे जायला लागलात आणि मला शांतता मिळाली."

सामातने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं. "कोण चोल्पोन?"

"माझी मेहुणी. विसरलास? मागे बसायची, मशीन बिघडलं की बघायची. कराकोलला असते आता, जमिनीच्या मोजणीच्या कचेरीत. नकाशे काढते." त्याने एक माशांची माळ कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात कोंबली. मी पाकीट काढलं तर रागावला. "ठेव ते. बालिक्चीच्या सुनेकडून पैसे घेऊ का मी?"

कराकोलपर्यंतची वाट मला संपता संपेना. सामात बडबडत होता. इतकं मी त्याला आमच्या साखरपुड्यातही बोलताना ऐकलं नव्हतं. "म्हणजे पूल होता! आर्काडीला सांगतो आता. आणि डेमोत नव्हता, हेही खरं! दोन्ही खरं! म्हणजे मी वेडा नाही आणि तेही खोटे नाहीत. आणि मागे बसणारी ती मुलगी आता आठवतेय मला!" मग पुन्हा, "पण मग ती बाई तिनेच बनवली असणार ना?"

चोल्पोन एजे, म्हणजे चोल्पोनताई, घरीच होती. तोक्तोसूनने फोन करून ठेवला होता. पंचेचाळिशीची, कापलेले केस, चष्मा डोक्यावर सरकवलेला. आम्हाला बघून तिला संकोचल्यासारखं झालं. मेजावर गार आशल्यान-फूचे, म्हणजे आंबट-तिखट शेवयांचे, वाडगे मांडले, ब्रेड कापला आणि म्हणाली, "आधी खा. एका जुन्या खेळासाठी कुणी एवढ्या लांब येतं का? मला वाटलं दाजी थट्टा करताहेत."

सामातने वाडगा बाजूला सरकवला. "एजे, मी सामात. खिडकीच्या बाजूला बसायचो, तिसऱ्या मशीनवर. तुमच्याच पुढे."

ती त्याच्याकडे निरखून बघत राहिली. मग ओशाळून म्हणाली, "खरं सांगू? नाही आठवत. इतकी पोरं असायची रे. सगळ्यांची नाकं वाहत असायची."

सामात हसला, पण ते त्याला लागलं, मला दिसलं.

तिने सगळं सांगितलं. त्या तबकडीवर डेमोबरोबर नकाशे बनवायचं एक साधनही दिलेलं होतं, कुणी कधी उघडून न बघितलेलं. चोल्पोन तेव्हा सतरा वर्षांची. शाळा संपलेली, पुढे शिकायला जायची सोय नाही, दिवसभर बहिणीच्या नवऱ्याच्या क्लबमध्ये बसून राहायची. तिने ते साधन उघडलं. आधी पूल सांधला. मग पलीकडे जमीन घातली. मग घरं. कपडे वाळत घातले, कारण रिकामी घरं भकास दिसत होती. क्लबच्या सगळ्या मशीनवर तिने तेच चढवलं.

"कुत्रा होता का?" मी विचारलं.

"कुत्रा? कुत्र्याला पाय हलवायला शिकवावं लागलं असतं. ते मला कुठे येत होतं? पिवळी पिंपं होती दोन."

"कालिस," सामात म्हणाला आणि कपाळाला हात लावला. मग पुढे झुकला. "आणि बाई?"

"बाई होती. पहारेकऱ्यालाच परकर नेसवला होता मी."

"ती काय म्हणायची?"

चोल्पोन उठली. "तबकडी आहे माझ्याकडे. बघूच ना."

ती तबकडी भरतकामाच्या दोऱ्यांच्या डब्यात होती. यंत्राने ती ओढून घेतली, ती किर्र करून थांबली, पुन्हा फिरली. सामात उभाच होता. मी त्याला खाली बसवलं तर पुन्हा उठला. शेवटी लाल आभाळ आलं. टोपीवाला पहारेकरी आला. क्रेन डाव्या हाताला. आणि पूल. खडबडीत, फळ्या वाकड्या, पण धड. सामात खेळत होता. त्याने पूल ओलांडला. घरं मला वाटलं होतं त्याहून लहान निघाली, खोक्यांसारखी. चिमणीतून धूर नव्हता. पिवळी पिंपं दोन. आणि शेवटच्या घराच्या दारात बाई, सरळ उभी, पहारेकऱ्याचे खांदे असलेली.

सामात तिच्याजवळ गेला. पडद्याच्या खालच्या बाजूला अक्षरं उमटली. पण ती अक्षरंच नव्हती. उलटी प्रश्नचिन्हं, डोक्यावर टिंबं घेतलेल्या परक्या खुणा, मध्येच एक चौकोन, पुन्हा प्रश्नचिन्ह.

"हे काय आहे?" सामात म्हणाला.

"त्या खेळात आपली लिपी नव्हती," चोल्पोन म्हणाली. "मी लिहिलं किर्गिझमध्ये आणि उमटलं हे. खूप खटपट केली, पण नाही जमलं."

"म्हणजे कुणालाच वाचता येत नव्हतं?"

"कुणालाच नाही."

"तुम्ही काय लिहिलं होतं?"

तिने चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला. "'पुढे काही नाही. मागे फिर.' त्या घरापुढे मी जमीन केली नव्हती ना. पुढे गेलं की पोरं खाली पडत राहायची, संपायचंच नाही पडणं. म्हणून पाटी लावल्यासारखी ती बाई उभी केली."

सामातचा चेहरा बघून मला वाटलं, आपण इथे यायलाच नको होतं. तो म्हणाला, "मी ऐकलंय. 'आलास? चल, जेवून घे.' मी रोज ऐकलंय."

चोल्पोन खाली बसली. "थांब. वाचता येईना म्हणून पोरं मागे वळून मला विचारायची, एजे, ही काय म्हणतेय? आणि मागे फिर असं सांगायला माझ्या जिवावर यायचं. इतक्या उत्साहाने आलेली असायची. मग मी काहीतरी सांगायचे. ज्याला बघून जे सुचेल ते. तुझ्याकडे बघून वाटलं असेल, पोराला भूक लागलीय."

सामातने मान हलवली. उठला, बाहेर गेला. खिडकीतून मला दिसत होता, फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. चोल्पोन हळूच म्हणाली, "मी त्याचं काही बिघडवलं का गं?"

"मला नाही माहीत, एजे," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

परतीच्या वाटेवर तो एकदाच बोलला. "तिला मी आठवत नाही, जिपा." मी काही समजूत घालायला गेले तर तोंड फिरवून म्हणाला, "राहू दे. गाडी चालवू दे."

घरी आल्यावर त्याने सगळं गटात टाकलं. आर्काडीने सभ्यपणे लिहिलं: "तुमची माफी मागतो. पूल होता. पण हा डेमो आणि पूर्ण खेळ यांच्यातला फरक नव्हे, ही एका गावातली घरगुती दुरुस्ती आहे. आमच्या यादीत बसत नाही." सामात फणफणला. "घरगुती! आम्ही सगळे तोच खेळलो, आमच्यासाठी तोच डेमो!" दोन दिवस वाद घातला. शेवटी आर्काडीने एक वेगळं पान काढून दिलं, वर लिहिलं, 'बालिक्चीची प्रत'.

आणि मग त्या पानावर बालिक्चीचे लोक यायला लागले. कुठून कुठून: येकातेरिनबुर्ग, इस्तंबूल, एक तर शिकागोहून. प्रत्येकजण लिहायचा, बाई मला काय म्हणाली. एकाला, "बूट ओले आहेत तुझे." एकाला, "उद्या लाइट येईल." एकीला, म्हणजे मुलीही खेळायच्या तर, "भावाला घाबरू नकोस." सामात कामावरून आला की आधी तेच वाचायचा, मोठ्याने, आम्हाला ऐकवत. त्याची बोटं मेजावर वाजणं हळूहळू थांबलं.

पण आता चोल्पोनचे फोन यायला लागले. सामातला नाही, मला. एका दुपारी मी कारखान्यात असताना आला. बाजूला जाऊन घेतला.

"जिपारा, ते वाचलंस का? सुरगुतच्या माणसाचं?"

वाचलं होतं. सुरगुतच्या तेलखाणीत असलेल्या कुणा झानार्बेकने लिहिलं होतं, "बाई मला म्हणाली, तुझे वडील लवकर परत येतील. आले नाहीत."

"मी असं म्हटलं असेन," चोल्पोन म्हणाली. तिचा आवाज चढलेला. "मला काय माहीत होतं? मी सतरा वर्षांची, कंटाळलेली. जे तोंडाला येईल ते बोलायचे. कचेरीत बसले तरी तेच डोक्यात. काल एका जमिनीची हद्द उलटी काढली मी. आणखी कुणाकुणाला काय काय सांगितलं असेल?"

"त्याला फोन करा, एजे," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"मला विचारू नका. मी बाह्या जोडते. तुम्ही फोन करा."

सामातने नंबर मिळवून दिला. तिने चार दिवस लावले. मग रविवारी तिचा आम्हालाच फोन आला. सामातने आवाज मोठा करून फोन मेजावर ठेवला. ती हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं.

"तो म्हणाला, एजे, दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाच मला कळलं होतं की तुम्ही मनाचं सांगताय. कारण तुम्ही आधी खिडकीबाहेर बघितलंत. पण तरी मी विचारत राहिलो. तुमच्या तोंडून ऐकायला बरं वाटायचं. मी म्हटलं, मला माफ कर. तर म्हणतो, कशाबद्दल? मग त्याने मला त्याच्या पोरींचे फोटो पाठवले. तीन पोरी आहेत, जिपारा. तिघींना पुढचे दात नाहीत."

मग तिने फोन करण्याचं खरं कारण सांगितलं. आता ती लिपी बसवणं सोपं झालंय, कचेरीतल्या एका माणसाने दाखवलं. प्रश्नचिन्हं काढून वाचता येईल असं वाक्य घालू का, असं विचारत होती.

"कुठलं वाक्य?" सामात म्हणाला.

"तेच तर कळत नाही."

"मग हात लावू नका त्याला!" तो इतक्या जोरात म्हणाला की आपा दचकली. "आहे तसं राहू द्या. त्यापेक्षा पुढची जमीन करा. म्हणजे पोरं पडायची नाहीत."

"आता कुठली पोरं? सगळे चाळिशीचे घोडे," चोल्पोन म्हणाली. पण तिने केली. अजून करतेय. रोज संध्याकाळी दोघांचा फोनवर वाद चालतो. तिला तिथे जर्दाळूची बाग हवी, सामात म्हणतो, बंदराच्या गावात रेल्वेचं स्टेशन पाहिजे. मी म्हणते, दोन्ही करा आणि जेवायला या. आमच्या घरातली बेचैनी आता कराकोलला राहायला गेली आहे आणि भाडं आम्हीच भरतोय, असं मी जुमागुलला सांगितलं.

मागच्या आठवड्यात आपा सामातच्या शेजारी येऊन बसली. "दाखव मला ती बाई," म्हणाली.

त्याने दाखवली. आपा चष्म्यातून बराच वेळ बघत राहिली. "खांदे केवढे आहेत हिचे! पोती उचलत असेल." मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मग तेव्हा जेवायचास कुठे तू?"

सामातने पडद्याची काच बाहीने पुसली. आपा वाट बघत राहिली.

"मामाकडे असायचं काहीतरी," तो म्हणाला. "नाहीतर क्लब बंद झाल्यावर तोक्तोसून बाइके थांबवून घ्यायचे. त्यांच्या घरी बटाटे, मासा. पुष्कळदा."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

मला वाटलं, आता ती गालिचा उचलणार. पण ती तशीच बसून राहिली. हात मांडीवर, नजर पडद्यावरच्या त्या बाईवर. मग उठली, स्वयंपाकघरात गेली. पीठ काढल्याचा आवाज आला. मी आत गेले तर ती बोरसोकसाठी, तळायच्या वड्यांसाठी, कणीक मळत होती, मोठ्या परातीत, एवढी की लग्नघरालाही पुरेल.

"आपा, इतकं कुणाला?"

"परवा बालिक्चीला जायचंय," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्याला रिकाम्या हाताने भेटू का मी? तेल तापव."